शेपटी राहिलेल्या गाठी

अण्णा,

तुम्ही गेल्याचं फार वाईट वाटतं, असं तेरावं होईपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होते. सासऱ्याच्या माघारी सुनेनं जे बोलायचं असतं ते सगळं बोलून झालं. आता पाहुणे गेले, सतरंज्या उचलल्या, तुमच्याशी बोलायला घरात मोकळीक झाली, म्हणून खरं सांगते. मला तुमचा राग आलाय. तुम्ही कूलर उघडा टाकून गेलात.

भर मे महिन्यात, गारखेड्यातल्या या तापलेल्या घरात, कूलरची एक बाजू काढून, मोटार बाहेर ओढून, स्क्रू चहाच्या बशीत ठेवून तुम्ही गेलात. सुतकात त्याला कोण हात लावणार? माणसं घामाघूम होऊन पुठ्ठ्यांनी वारा घेत बसली. तुमच्या बहिणीनं पदरानं मान पुसत म्हटलं, "अण्णा असता तर आत्ता कूलर चालू करून दिला असता गं." मी मान डोलावली. अण्णा होते म्हणूनच तो बंद पडला होता, हे त्या म्हातारीला काय सांगू?

आधी त्या दिवसाचं बोलू. सकाळी नळाला पाणी आलं होतं, म्हणजे घरात कोणाला श्वास घ्यायची फुरसत नव्हती. टाकी, ड्रम, हंडे, कळश्या, आणि शेवटी भाजीची पातेलीसुद्धा भरून झाली. माठाला ओलं गोणपाट गुंडाळलं, गच्चीवर कुरडया घातल्या, कूलरची टाकी घासून धुतली, खिडकीचे पडदे भिजवून लावले. इतकं करून बटण दाबलं तर पंखा नुसता गुरगुरला आणि थांबला. तुम्हाला न विचारता मी रफिकभाईंना फोन केला. बिचारे औरंगपुऱ्यातलं दुकान पोराबाळांच्या भरवशावर टाकून उन्हाचे स्कूटरवर आले. तुम्ही त्यांना फाटकातूनच वाटेला लावलंत.

"घरात माणूस हाय की. मिस्त्री कशाला लागतोय?"

"चाचा, बहू का फोन आया था. देख तो लेने दो," रफिकभाई हसत म्हणाले.

"तिला काय कळतंय त्यातलं?" तुम्ही म्हणालात आणि कडी लावली.

परक्या माणसाच्या देखत म्हणालात. मग आत येऊन बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा काढलात, ज्यात तुमची पक्कड, पेचकस आणि जगातला यच्चयावत गंजका खिळा असायचा. माझ्याकडे न बघताच म्हणालात, "बॅटरी धर."

"आज नाही धरणार. पक्कड द्या, मी बघते."

"तुला नाय समजायचं."

"समजतं, अण्णा. आणि समजतं ते तुम्हाला ठाऊक आहे."

तुम्ही स्क्रू काढत राहिलात. मी बॅटरी खिडकीत ठेवली आणि कुरडया उलटायला वर गेले. खाली आले तेव्हा तुम्ही मोटार बाहेर काढून दमून बसला होतात. संध्याकाळी आपण दोघं बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा चहा गार झाला तरी तुम्ही उठला नाहीत. झोपेतच गेले, असं डॉक्टर म्हणाले. लोक विचारतात, शेवटचं बोलणं काय झालं? मी सांगते, कूलरचं. बॅटरी धरली नाही याचा मला पश्चात्ताप होत नाही. आज परत तुम्ही हात पुढे केलात तर मी ती परत खिडकीतच ठेवीन.

कारण मी कोण होते हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही मला बघायला बिडकीनला आलात ते आमच्या घरी नाही, वडिलांच्या दुकानातच आलात. वडील शेतातल्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे, म्हणजे आतली जळकी तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची. मी शाळा सुटली की तिथंच. तुम्ही आलात तेव्हा माझ्या हाताला वार्निशचे डाग होते आणि मी कॉइल बांधत होते. आई मेली लाजेनं. तुम्ही मात्र स्टुलावर बसून माझे हात बघत राहिलात आणि उठताना वडिलांना म्हणालात, "पोरीच्या हातात काम हाय." त्या एका वाक्यावर मी तुमच्या घरी आले, अण्णा. नवरा मुलगा विलास तर तेव्हा खाली मान घालून बसले होते, त्यांचा चेहरासुद्धा मी नीट बघितला नव्हता.

मला वाटलं, या घरात मला पक्कड मिळेल.

पहिल्याच उन्हाळ्यात टेबल फॅन आवाज करायला लागला. मी ऐकून म्हटलं, "अण्णा, याच्या दांड्याचा बुश झिजलाय." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "बॅटरी धर." ती जी धरली ती धरलीच. तुम्ही पाटबंधारे खात्यात कारकून. आयुष्यभर फायली बांधल्यात. विजेचं तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, आणि खरं तर दिसतही होतं. तुम्ही दुरुस्त केलेली प्रत्येक वस्तू चालायची, पण तिची मर्जी सांभाळूनच. मिक्सरच्या झाकणावर कोपर दाबून उभं राहायचं. इस्त्रीची वायर डाव्या बाजूला धरायची, उजवीकडे गेली की बंद. न्हाणीघराचा दिवा लागण्यासाठी बटण दाबून वर एक टिचकी मारायची. पाहुणे आले की मी आधी घराची माहिती द्यायची, मग चहा द्यायचा.

आणि नळ. नळ गळायला लागला की तुम्ही चपलेच्या टाचेचं रबर कापून वायसर करायचात. कोणाच्या चपलेच्या? माझ्या. घरात तुमच्या जुन्या चपलांचा ढीग होता, त्या तुम्हाला 'अजून वापरायच्या' होत्या. मी टाच कापलेल्या चपला घालून गल्लीत फिरले आणि बायका विचारायच्या, अगं पाय दुखतो का तुझा. तुम्ही ओट्यावर बसून ऐकायचात आणि मिशीत हसायचात. त्या हसण्याचाही मला राग आहे. आज वहाणांच्या फळीवर माझी नवी चप्पल आहे, दोन्ही टाचांसकट, आणि मला तिच्याकडे बघवत नाही. हेही तुम्हीच करून ठेवलंत.

आता तो उलट्या पंख्याचा दिवस. पोरं तेव्हा शाळेत होती. तुम्ही सकाळभर खपून कूलरची मोटार परत बसवलीत, अंगावर टॉवेल टाकून खुर्चीत बसलात आणि ऐटीत म्हणालात, "लाव." मी बटण दाबलं. पंखा असा जोरात फिरला की शेजारच्यांनी ऐकावं. पण खिडकीचा पडदा आत यायच्या ऐवजी कूलरला जाऊन चिकटला. मला दिसताक्षणी कळलं. मोटारीच्या दोन वायरींची अदलाबदल झाली की पंखा उलटा फिरतो आणि सगळा वारा बाहेर फेकतो. बिडकीनला हे शेंबडं पोर सांगेल. मी म्हटलं, "अण्णा, उलटा फिरतोय तो."

"थंड व्हायला वेळ लागतो," तुम्ही म्हणालात.

आणि बसून राहिलात. कपाळावरून घाम निथळतोय, गंजी भिजलीय, पडदा कूलरला चिकटलाय आणि तुम्ही समोर बघत बसलाय. बाहेर अंगणात तुळस आणि शेजारच्यांची मांजर तेवढी गारव्यात होती. घरात कोणाची हिंमत नाही बोलायची. शेवटी जेवून तुमची मान खाली पडली, घोरणं सुरू झालं. मी प्लग काढला, बाजूची जाळी सैल केली आणि दोन वायरी सोडून जागच्या जागी लावल्या. काळी चिकटपट्टी आपल्या उन्हात विरघळून सुटते, म्हणून वडिलांच्या पद्धतीनं जोड पिळून दुमडला, वर स्लीव्हची कापडी नळी चढवली आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधला. ती आमच्या दुकानाची गाठ. तिचं टोक वेढ्यांच्या खालून ओढून आत लपवतात, बाहेर काहीच दिसत नाही. वडिलांनी ती मला सोडून कोणालाच शिकवली नव्हती.

मग पंखा लावला. पडदा फुगला. वाळ्याचा वास घरभर पसरला. तुम्ही डोळे उघडलेत, अंगावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "बघ. म्हटलं नव्हतं का, वेळ लागतो."

  त्या रात्री विलासना सांगितलं तर ते उशीत तोंड खुपसून हसले. मला हसू आलं नाही. त्यानंतर कित्येक उन्हाळे मी तुमच्याकडे बघून विचार करत राहिले, याला कळलं असेल का? मी केलं हे माहीत असून म्हणाला असेल, की खरंच वाटलं असेल आपोआप झालं? मला तेवढंच पाहिजे होतं, अण्णा. बक्षीस नको, कौतुक नको. तू केलंस ते मला माहीत आहे, इतकं एकदा तुमच्या तोंडून पाहिजे होतं.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, ती पण सांगते, नाही तर देव मला खोटारडी म्हणेल. वडील गेले, भावानं दुकान विकायला काढलं, तेव्हा तार गुंडाळायचं ते हाताचं मशीन भंगारात चाललं होतं. तुम्ही कोणाला न सांगता बिडकीनला गेलात आणि ते एसटीत मांडीवर घेऊन आलात. शर्ट तेलानं बरबटला होता. मी ते मशीन बघून तुमच्यासमोर रडले, एवढी एकदाच. तुम्ही म्हणालात, "रडायला काय झालं? लोखंड हाय, ठेवलं पाहिजे." मग पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकलंत. दर दिवाळीला खाली काढून तेल द्यायचात आणि परत वर. तिथं माझा हात पोचत नाही, हे तुम्हाला कधी सुचलं नाही. माझ्यासाठी आणलंत आणि माझ्यापासूनच जपून ठेवलंत. याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

तर आज सकाळी मी कूलर बसवायला घेतला. विलास म्हणाले होते, टाकून देऊ, नवा आणू, नाही तर एसी बसवू. मी म्हटलं, आधी हा लागू दे, मग भंगारात द्या. तुमचा डबा उघडला. पक्कड हातात घेतली. तिच्या मुठीवर तुम्ही सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, ती तुमच्या बोटांच्या जागी झिजलेली होती. माझ्या हाताला ती मोठी होते. विलास बॅटरी धरून उभे राहिले आणि मी मोटारीच्या मागची पट्टी काढली.

आत सगळ्या वायरी लाल. तुम्हाला कुठूनतरी लाल वायरीचं बंडल मिळालं होतं आणि तुम्ही जन्मभर तेच वापरलंत, कोणती कुठली ते देवाला ठाऊक. मी शिव्या देणारच होते. तेवढ्यात मला जोड दिसले.

प्रत्येक जोडावर स्लीव्ह होती. प्रत्येक स्लीव्हवर दोरा होता. पांढरा, मेण लावलेला दोरा. माझी गाठ, अण्णा. आमच्या दुकानाची. फक्त टोक आत गेलेलं नव्हतं. ते बाहेर लोंबत होतं, शेपटीसारखं. ते टोक खालून कसं ओढतात हे तुम्हाला सापडलं नव्हतं. मी उठले आणि पेचकस घेऊन घरभर फिरले. न्हाणीघराचं बटण उघडलं, शेपटी. मिक्सर पालथा केला, शेपटी. इस्त्रीच्या मुठीत दोन शेपट्या. विलास बॅटरी घेऊन माझ्यामागं येत होते आणि विचारत होते, "काय झालं? काय शोधतेस?"

म्हणजे त्या दुपारनंतर तुम्ही कूलर उघडून बघितला होता. माझा जोड बघितला, मी केलं हे ओळखलं, तो सोडून बघितला, परत बांधायचा प्रयत्न केला, जमला नाही. आणि मग इतकी वर्षं, घरातली प्रत्येक वस्तू दुरुस्त करताना, मला बॅटरी धरायला लावून माझ्याच डोळ्यांसमोर, पण पाठ करून, माझी गाठ चोरत राहिलात. चुकीची. मी तिथं दोन फुटांवर उभी होते. "सूनबाई, हे टोक कसं घालतात गं?" एवढं विचारलं असतं तर क्षणात दाखवलं असतं. तुमची बोटं धरून दाखवलं असतं. तुम्ही आयुष्यभर शेपट्या ठेवल्यात पण विचारलं नाहीत.

मी न्हाणीघराच्या दारात खाली बसले आणि रडले. तुमच्यासाठी की रागानं, ते मला नीट सांगता येत नाही. विलासनी बॅटरी बंद केली आणि पाणी आणून दिलं.

रडून झाल्यावर जो राग आला तो खरा. मी कात्री घेतली आणि कूलरमधल्या तुमच्या सगळ्या गाठी कापल्या. ठेवायच्या कशाला? ढिल्याच होत्या. वडिलांचा एक नियम होता, आधी खूण करायची, मग कात्री लावायची. तो माझ्या ध्यानातच राहिला नाही. सगळ्या लाल वायरी सुट्या होऊन हातात आल्या तेव्हा कळलं. मग अंदाजानं लावल्या. कंडेन्सर नवा घातला, बुशला तेल दिलं, जोड पिळून, दुमडून, प्रत्येक टोक आत ओढून बांधला. एकही शेपटी ठेवली नाही. मध्ये विलास म्हणाले, "मी धरू का ते?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाला नाही समजायचं. बॅटरी नीट धरा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तुम्ही दाराशी उभे आहात की काय असं वाटलं.

मोटार बसवली. टाकीत पाणी घातलं, वाळा भिजवला. घामानं डोळे चुरचुरत होते. मी तुमच्या खुर्चीत बसले आणि म्हटलं, "लावा."

पंखा मस्त फिरला. पडदा कूलरला जाऊन चिकटला.

विलासनी पडद्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "अगं, तो उलटा..."

"थंड व्हायला वेळ लागतो," मी म्हणाले.

हे मी म्हणाले, अण्णा. बिडकीनच्या मोटारवाल्याची पोरगी. आणि बसून राहिले. पाठ भिजली, गळ्याखाली घाम ओघळला, पडदा हलेना. उठून म्हणायचं, चुकलं माझं, वायरी बदलते. एवढंच. उठवेना. तुम्ही त्या दुपारी असेच बसला असाल, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि ते कळल्याचासुद्धा राग आला. मी डोळे मिटून घेतले.

तुमच्या खुर्चीत डोळे मिटून बसलं की सगळं ऐकू येतं. विलास कूलरपाशी गेले ते ऐकू आलं. प्लग काढल्याचा आवाज, पंखा मंदावत गेल्याचा, बाजूची जाळी कुरकुरल्याचा. डब्यातली पक्कड उचलली, तिनं पत्र्याला खणकन आवाज केला. स्क्रू बशीत पडला. अण्णा, या खुर्चीत कोणी झोपलेलं असेल आणि हे ऐकणार नाही, हे शक्य नाही. तुम्ही त्या दुपारी जागे होतात. घोरत होतात तरी जागे होतात.

विलासना आयुष्यात तुम्ही पक्कड दिली नाही. मीही आज दिली नव्हती. बराच वेळ लागला त्यांना. पक्कड दोनदा खाली पडली. मी डोळे उघडले नाहीत.

मग वारा आला. आधी पायांना, मग तोंडावर. पडदा गुडघ्याला लागला. वाळ्याचा तो वास आला, जो आला की तुम्ही हाश्श करून टॉवेल खांद्यावर टाकायचात. मी डोळे उघडले तर विलास कूलरपाशी उभे होते, हाताला काळं लागलेलं, आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. तुमचंच वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. बघा, म्हटलं नव्हतं का. अगदी ओठांपर्यंत आलं होतं.

मी ते गिळलं. म्हणाले, "मी चुकीचं लावलं होतं. तुम्हाला जमलं की."

ते लहान पोरासारखे हसले. जीभ काही झडली नाही माझी, अण्णा.